बिनखुणेची होडी

"आणि मी तिच्यात पायच ठेवला नाही तर?" कृपालीने विचारलं.

आबा मेस्त्री वल्ह्याची मूठ तासत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही, एवढंच आहे ना? मी धक्क्यावर उभी राहणार. होडी जाणार. मी नाही."

लाकडाची एक ढलपी खाली पडली.

"मग नियम कुठे मोडला?"

"मोडला असं कोण म्हणालं?"

"सगळे."

"मी म्हणालो?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही."

आबांनी मूठ उजेडाकडे धरून पाहिली. पुन्हा तासायला घेतली.

त्यांचा मांडव खाडीच्या काठाला होता. झावळ्यांचा. पूर्वी त्यात एका वेळी दोन-दोन लाकडी होड्या उभ्या राहत. आता होड्या फायबरच्या झाल्या. त्या दुसऱ्या गावी साच्यातून निघतात आणि ट्रकवर बसून येतात. मांडवात आबा, त्यांची हत्यारं आणि चुन्याचा एक वाडगा एवढंच उरलं होतं.

वाडगा मात्र अजून कामाचा होता.

मासेमारीची बंदी उठली की पहिल्या दिवशी बंदरातल्या सगळ्या होड्या रांगेने निघत. खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे, त्याला वळसा घालून परत येत. जाळं टाकायचं नाही, मासा धरायचा नाही. नुसतं पाण्याला तोंड दाखवून यायचं. या रांगेत जायचं तर होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, आबांच्या बोटाची चुन्याची खूण लागे. होडी लाकडाची असो नाहीतर फायबरची. खूण नाही तर रांग नाही.

आज तो दिवस होता. सकाळपासून पाऊस उघडला होता. भरती चार वाजता होती, आणि कृपालीला खूण हवी होती.

तिची होडी तिच्या मांडीवर होती. दोन फूट लांब.

"बघू," आबा म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी पुढे केली. आबांनी घेतली, वजन पाहिलं, उलटी केली, नखाने टिचकी मारली.

"कशाची?"

"थर्माकोल. मासळीचा फुटका खोका होता. वरून फायबरच्या चिंध्या बसवल्या. होड्या दुरुस्त करतात तिथे टाकून देतात त्या."

"रंग?"

"नाही दिला."

"पैसे नव्हते?"

"होते. नाही दिला."

खोक्यावरची निळी अक्षरं फायबरखालून अजून वाचता येत होती. 'ताजी मासळी'.

"मागचा पंखा?"

"पावडरच्या डब्याचा पत्रा कापला."

"मग पाण्याला वास सुटेल."

ती हसली नाही. "पंखा ज्या दांड्यावर आहे तो म्हणजे सायकलच्या चाकाची तार. तार ज्या नळीतून बाहेर येते ती जुन्या रेडिओच्या एरियलची. नळीत ग्रीस भरलंय."

"मोटर?"

"भावाच्या खेळण्यातली. गाडीची चाकं मोडली होती, मोटर चांगली होती. रिमोटही तिचाच. गाडीची पुढची चाकं ज्याने वळायची त्याने आता सुकाणू वळतं."

आबांनी सुकाणू बोटाने इकडेतिकडे केलं. मग होडीच्या मधोमध उभी असलेली काळी सळई चिमटीत धरली.

"आणि ही?"

"एरियल. छत्रीची काडी आहे. रिमोटवरची एरियलसुद्धा लांब केली. आधी होडी वीस पावलांपर्यंत ऐकायची. आता शंभर पावलांवरून ऐकते. मोजलंय मी."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

हे सांगताना तिची मान जरा वर झाली. आबांनी ते पाहिलं.

"पहिल्या फटक्यात जमली?"

"सहावी आहे ही."

"पहिल्या पाच कुठायत?"

"हिच्यातच. त्या मोडून मोडून ही झाली."

आबांनी होडी जवळ घेतली आणि उजवा कान पुढे केला. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून कोणी बोलत नसलं तरी ते उजवा कान पुढे करून बसत. बघणाऱ्याला वाटावं, लाकूड काहीतरी सांगतंय.

मग ते म्हणाले, "घागर तिकडे आहे. पाणी ओत."

कृपालीला हे ठाऊक होतं. बंदरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. आबांची परीक्षा एकच. नवी होडी काठावर टेकण देऊन उभी करायची आणि तिच्यात घागरीने पाणी ओतत राहायचं. ओतलेलं पाणी जिथून बाहेर झिरपेल, तिथूनच उद्या समुद्र आत येणार. फायबरच्या होड्यांचे मालक कुरकुर करत, आमची साच्यातली आहे आबा, तिला सांधाच नाही. आबा ऐकून घेत आणि घागर दाखवत.

कृपाली जागची हलली नाही.

"ओतता येणार नाही."

"का?"

"वरून बंद आहे. सगळीकडून. एमसील लावलंय, त्याच्यावर फायबर."

"उघडायची कशी?"

"उघडायचीच नाही. पाणी आत येणारच नाही."

आबांनी होडी जरा हलवून पाहिली.

"होडी आहे ना ही?"

"हो."

"पाण्यात जाणार."

"हो."

"आणि पाणी आत येणार नाही."

"नाही."

आबांनी होडी पुन्हा उलटी केली.

"खरंच नाही येणार, आबा. घरच्या टाकीत दोन तास ठेवली होती. एक थेंब गेला नाही."

"टाकी हलते?"

ती खाडीच्या पाण्याकडे बघायला लागली.

"पाणी आत आलं की ही काय करते?" आबांनी विचारलं.

"येणारच नाही म्हटलं ना."

"ते मी विचारलं नाही."

खाडीवरून इंजिनांचा आवाज यायला लागला होता. होड्या धक्क्याला लागत होत्या. एकाने भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने उगाच वाजवला.

आबांनी बाजूची पटाशी उचलली आणि मुठीकडून तिच्यापुढे धरली.

"घे. वरून भोक पाड. मग ओतू."

"भोक पाडलं तर ती बुडेल."

"मग खूण नाही."

कृपालीने पटाशीकडे पाहिलं. घेतली नाही.

"म्हणजे बुडणारी आणली तर खूण देणार, आणि न बुडणारी आणली तर नाही?"

"न बुडणारी मी अजून पाहिली नाही. साठ वर्षं झाली."

"ही पाहा मग."

"बघतोय." आबांनी होडी तिच्या मांडीवर परत ठेवली. "डबा आहे."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती काही बोलणार, तेवढ्यात मांडवात सावली आली.

यशवंत तांडेल आले होते. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. सदरा इस्त्रीचा, हातात नारळ, पायांत मात्र रबरी बूट. रांगेतली पहिली होडी त्यांची.

"आबा, चला. अकराच्या अकरा लागल्या. भरती काय आपल्यासाठी थांबायची नाही." मग त्यांचं लक्ष गेलं. "ही इथे पण आली? काय गो, जहाज कुठल्या देशाला निघालंय?"

"खडकापर्यंत," कृपाली म्हणाली.

"वा. पासपोर्ट काढलास?"

ती खाली बघत राहिली. पण हात होडीवरून काढला नाही.

चेअरमन जरा नरमले. मुलगी वाडीतलीच होती, तिच्या बापाची होडी रांगेत तिसरी होती. "ऐक, बाय. पाहुणे येणार आहेत. धक्क्यावर टेबल मांडलंय, त्याच्यावर ठेवू ही. खाली चिठ्ठी लावू, 'टाकाऊतून टिकाऊ'. तुझं नाव लिहू. शाळेचं पण लिहू. हार घालू हवं तर."

"शोभेला नाही केली."

"मग कशाला केलीस?"

"खडकाला वळसा घालायला."

"त्याला होडी लागते. हा कचरा आहे." ते हसले. "कचऱ्याला वळसा घालायला शिकवावं लागत नाही. ओहोटीला आपोआप जातो."

आबा लाकडाचा भुसा पंच्याने झटकत होते.

"काका, बाईने पाय ठेवायचा नाही असा नियम आहे," कृपाली हळू पण स्पष्ट म्हणाली. "मी पाय ठेवणार नाही. होडी पाठवायची नाही, असा नियम दाखवा."

"नियम काय भिंतीवर लिहून ठेवलेत? बाईची होडी रांगेत नाही. झालं. आणि खुणेशिवाय तर कोणाचीच नाही, माझीसुद्धा नाही. आबांनी खूण दिली तुला?"

दोघांनीही आबांकडे पाहिलं.

"नाही," आबा म्हणाले.

"मग विषयच मिटला."

कृपाली उठली. फ्रॉकला चिकटलेला भुसा तिने झटकला नाही. होडी एका काखेत, रिमोट दुसऱ्या हातात.

"आबा, मी सोडणार. खूण नसली तरी."

"सोड की. खाडी काय माझी आहे?"

"तुम्ही अडवणार नाही?"

"मी होड्या करणारा माणूस." आबांनी चुन्याचा वाडगा उचलला आणि हनुवटीने चेअरमनकडे दाखवलं. "अडवणारा हा."

"आबा, तुम्ही पण काय…" चेअरमन म्हणाले. तोवर ती मांडवाबाहेर पडली होती.

धक्क्यावर गर्दी होती. टोपल्या बाजूला ठेवून बायका कठड्याला टेकल्या होत्या. होड्यांना पताका लावल्या होत्या, डिझेलचा धूर खाली बसला होता. अकरा होड्या, नाळांवर आबांनी सकाळीच लावलेले अकरा चुन्याचे ठिपके. चेअरमन आपल्या होडीत जाऊन नाळेशी उभे राहिले, हातात नारळ तसाच.

कृपाली धक्क्याच्या पार टोकाला गेली. तिथून खडक साठ-सत्तर पावलांवर. ती पायऱ्या उतरून शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. हात लांब करून होडी पाण्यावर ठेवली. ठेवली आणि सोडली.

आबा सावकाश मागून आले. दोर बांधायच्या खुंटावर बसले. वाडगा मांडीवर.

मोटर घुंई करून सुरू झाली. होडी आधी जरा बिचकल्यासारखी डावीकडे वळली, मग सरळ झाली.

"अरे, ती बघ, ताजी मासळी चालली," होडीतून कोणीतरी ओरडलं.

"भाव काय किलोला?"

"बर्फ घातला का विचार."

हसू या होडीतून त्या होडीत गेलं. तिसऱ्या होडीत तिचा बाप जाळं आवरत होता. त्याने मान वर केली नाही.

ताजी मासळी पहिल्या होडीसमोरून गेली. दुसऱ्या होडीची लाट तिच्या कुशीत बसली, ती आडवी झाली, पुन्हा उठली. टाकीत लाटा नव्हत्या. कृपालीचा अंगठा रिमोटच्या दांडीवर होता, आणि ती प्रत्येक लाटेला स्वतःच एका बाजूला कलत होती.

अर्ध्या वाटेपर्यंत लोक हसत होते. मग हसणं विरळ झालं. खडकाजवळ पोचेपर्यंत कोणी बोलत नव्हतं. होडी वळली आणि खडकामागे गेली.

दिसेना.

कृपालीने सुकाणू वळतं तसंच दाबून धरलं. ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती.

वीस. पंचवीस. तीस.

खडकाच्या दुसऱ्या अंगाने आधी छत्रीची काडी बाहेर आली, मग होडी.

धक्क्यावर एक बाई "गो बाय" म्हणाली, तेवढंच.

आबांनी उजवा कान पुढे केला. डोळे बारीक केले. होडी आता लाटेवर चढत नव्हती, लाटेच्या आतून येत होती.

"पाणी घेतलं तिने," ते म्हणाले.

कृपालीनेही ते पाहिलं होतं. निळी अक्षरं होती तिथे पाण्याची रेघ आली. मग अक्षरं गेली. होडीची पाठ तेवढी उरली, एखाद्या कासवाची दिसावी तशी. मग तीही गेली.

"झालं," चेअरमन होडीतून म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट दया होती, आणि ती जास्त ऐकू आली. "सांगत होतो. ए, छोटी डिंगी घेऊन जा रे कोणी. उचलून आणा ती. पोर रडेल."

"हात लावू नका."

शाळेत हजेरी देतानाही जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जात नसे, ती हे म्हणाली. अकराही होड्यांना ऐकू गेलं.

"अगं बुडाली ती."

"तिला कोणी हात लावायचा नाही."

डिंगीत एक पाय टाकलेला माणूस तसाच थांबला.

पाण्यावर आता फक्त छत्रीची काडी होती. वीतभर. लाट आली की तीही जायची, लाट गेली की पुन्हा दिसायची. कुठे जात होती की जागीच होती, ते सांगता येत नव्हतं.

मग कोणीतरी म्हणालं, "थांब… हलते."

"लाट हलते."

"नाही. काडी हलते."

एका होडीने इंजिन बंद केलं. नीट बघता यावं म्हणून असेल. मग शेजारच्या होडीने. मग एकेक करून सगळ्यांनी. धूर वर गेला. बंदी उठल्याच्या दिवशी बंदर इतकं शांत कोणी ऐकलं नव्हतं.

त्या शांततेत पाण्याखालून अगदी बारीक घुंई ऐकू आली.

काडीमागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटत होती. रेघ खडकापासून निघाली होती आणि धक्क्याकडे येत होती. फार सावकाश. मधे एक लाट आली, तेव्हा ती वाकडी झाली. कृपालीने अंगठा हलवला. रेघ सरळ झाली.

तिसऱ्या होडीतला माणूस जाळं खाली ठेवून उभा होता.

किती वेळ लागला कोण जाणे. काडी पायरीला येऊन टेकली आणि टकटक वाजत राहिली, कारण मोटर अजून चालू होती. कृपालीने ती बंद केली. गुडघ्यांपर्यंत पाण्यात उतरून तिने दोन्ही हात खाली घातले आणि होडी वर काढली. भरलेल्या घागरीएवढी जड झाली होती.

आबा पायऱ्या उतरून आले. वाडगा पायरीवर ठेवून त्यांनी होडी घेतली आणि मागचं टोक खाली केलं. नळीतून पाण्याची दोरीसारखी धार लागली. त्यांनी तिच्याखाली तळहात धरला.

"इथून."

"हो."

"ग्रीस धुतलं गेलं."

"हो."

पाणी पडत राहिलं. संपेना.

"आता सांग," आबा म्हणाले. "पाणी आत आलं की ही काय करते?"

कृपालीने ओले हात फ्रॉकला पुसले. होडीकडे बघत राहिली.

"हळू होते," ती म्हणाली. "पण ऐकते."

आबांनी तळहातावरचं पाणी झटकलं.

"पटाशी आणलीत?" तिने विचारलं.

त्यांच्या कमरेला होती. त्यांनी ती काढून दिली. कृपालीने होडी पायरीवर धरली आणि ज्या फायबरवर तिने पंधरा दिवस घालवले होते, त्यात स्वतःच्या हाताने पटाशी घातली. रुपयाएवढं भोक. मग होडी उलटी केली. भळकन सगळं पाणी आलं. आत अंधारात एक लाल फुगा दिसला, गाठ मारलेला.

"हा काय?"

"रिसिव्हर आणि बॅटरी. खाऱ्या हवेने गंजतील म्हणून फुग्यात घातलं होतं." ती थांबली. "पाण्यासाठी नव्हता."

आबांच्या मिशा जराशा हलल्या.

चेअरमनांची होडी पायरीला लागली. ते खाली उतरले. मागून आणखी चार-पाच जण आले आणि वरच्या पायऱ्यांवर उभे राहिले.

"आबा," चेअरमन म्हणाले. आवाज खाली होता. "आता खूण करून टाका."

"का रे?"

"बिनखुणेची होडी खडकाला वळून आली. असं कधी झालं नाही. उद्या कोण तुमच्या मांडवात येईल? खूण केलीत म्हणजे नियमात बसेल. मी पाहुण्यांना सांगेन, आधीच केली होती."

कृपालीने होडी पुढे केली. नाळ आबांच्या बाजूला. सकाळपासून ती याच्यासाठीच थांबली होती.

आबांनी वाडगा उचलला. चुन्यात बोट बुडवलं. सगळे त्या बोटाकडे बघत होते… आबाही बघत होते.

मग त्यांनी बोट खाडीच्या पाण्यात धुतलं. आणि वाडगा उलटा केला.

पाण्यात पांढरा ढग पसरला, पायरीपासून निघून होड्यांच्या खालून गेला.

"आबा, हे काय केलंत?"

"खूण कशासाठी असते, यशवंता?"

"होडी बुडू नये म्हणून."

"ही बुडून आली."

चेअरमनांनी हातातला नारळ या हातातून त्या हातात घेतला. वरच्या पायऱ्यांवर कोणी खोकलं.

"माझी खूण?" कृपाली म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. रिकामा वाडगा काखेत मारला आणि पायऱ्या चढायला लागले.

चेअरमन दोन पायऱ्या त्यांच्या मागे गेले. "ठीक आहे, नका देऊ. पण भरती फिरेल आता. सगळे खोळंबलेत. हिला धरायचं कुठे ते तरी सांगा. रांगेत बारावी ठेवू?"

आबा थांबले. वळले मात्र नाहीत.

"रांग तिच्या मागे लावा."